तीस टक्के जादा

पिओरिया, इलिनॉय
३ मार्च

प्रिय क्रिस्टा,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन तू उचलत नाहीस, ईमेल उघडत नाहीस, म्हणून काल पोस्टात जाऊन न्यूझीलंडच्या पत्राचा दर विचारून आलो. आधी दर विचारायचा आणि मग काम करायचं ही माझी सवय तुला माहीत आहेच. खिडकीवरच्या बाईने विचारलं, आत काही मोलाचं असणार आहे का? मी म्हटलं, नाही, नुसती म्हाताऱ्याची बडबड.

येत्या सात तारखेला आईला जाऊन पाच महिने होतील. अंत्यविधीनंतर तू चार दिवस इथे राहिलीस, तिचा निळा स्वेटर घेतलास आणि शिकागोच्या विमानतळावर माझ्याकडे न बघता आत गेलीस. तेव्हापासून तुझा एक शब्द नाही. नाताळला कॅलमने दोन ओळी पाठवल्या. क्रिस्टा बरी आहे, काळजी करू नका. लेकीची खुशाली जावयाकडून कळायची, असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं.

तू रागावली आहेस हे मला कळतं. तू पोचलीस तेव्हा आई गेलेली होती. सप्टेंबरात तू फोनवर म्हणाली होतीस, मी माझ्या कार्डावर तिकीट काढते आणि निघते. मी म्हटलं, पैसे घालवू नकोस, माझ्याकडे कार्डाचे पॉइंट पडलेत, त्यांवर तिकीट काढून मी आणतो तुला. ते मी तुझ्याच भल्यासाठी म्हटलं. तुमचं घर नवं, हप्ता मोठा, कॅलमचं काम निम्म्यावर आलेलं. पुढे जागाच मिळाली नाही त्याला मी काय करणार? विमान कंपनी पॉइंटवाल्यांसाठी एका विमानात एखाददुसरी जागा सोडते. ती गेली की गेली. आठ ऑक्टोबरच्या आधी एकही जागा नव्हती. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, आजही तेच सांगतो.

घरचं बरं चाललंय. अंत्यविधीच्या वेळी चर्चमधल्या बायकांनी आणलेली भांडी मी एकेक करून परत केली. बुडाला नावाची पट्टी असते म्हणून सोपं गेलं. एकाच भांड्यावर नाव नाही. त्यातला बटाटा-चीजचा प्रकार फार बेचव होता, त्यामुळे मालकीण पुढे येत नसावी असा माझा अंदाज आहे. तुझ्या आईने एका घासात नाव सांगितलं असतं. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली बाई ती, कोणाच्या हाताला मीठ जास्त आणि कोणाच्या कमी हे तिला सगळ्या गावाचं ठाऊक होतं.

दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझा,
डॅड


२९ मार्च

प्रिय क्रिस्टा,

उत्तर नाही. पहिलं पत्र पोचायलाच पंधरा दिवस लागत असतील असं मनाला समजावतोय.

गुरुवारची बैठक सुरू आहे. हार्लन, ड्वेन आणि मी. पूर्वी आम्ही चौघे होतो, पण चौथ्याला मुलाने फ्लोरिडाला नेलं. सकाळी सातला पॅनकेकच्या दुकानात बसतो आणि कुठल्या बँकेचं कुठलं कार्ड काय देतंय यावर तावातावाने बोलतो. वाढणारी मुलगी आम्हाला ‘शेअर बाजार’ म्हणते. बिल तिघांत वाटून घेतो आणि तीन वेगवेगळी कार्डं पुढे करतो, म्हणून ती वैतागते. तिचं बरोबरच आहे.

तुला या नादाचा लहानपणापासून कंटाळा, त्यामुळे मी तुला हे कधी नीट सांगितलंच नाही. आज ऐकून घे. किराणा, पेट्रोल, औषधं, सगळं कार्डावर घ्यायचं. त्यावर बँक पॉइंट देते. ते बँकेत पडून असतात तोवर कच्चा माल. विमान कंपनीकडे किंवा हॉटेलकडे वळवले की त्याचं तिकीट होतं, नाहीतर खोली होते. पण एकदा वळवले की परत येत नाहीत. बँकेकडून तिकडे जायला वाट आहे, तिकडून इकडे नाही. म्हणून आधी जागा बघायची आणि मगच पॉइंट पाठवायचे, हा आमचा पहिला नियम. दुसरा नियम हार्लनचा. अधूनमधून बँक जाहीर करते की अमुक तारखेपासून शंभर पाठवले तर एकशे तीस पोचतील. तीस टक्के जादा. थांबायची तयारी असलेल्या माणसाला हे मिळतं. ज्याला दम धरवत नाही तो मूर्ख, असं हार्लन म्हणतो.

मी कारखान्याच्या खरेदी खात्यात चौतीस वर्षं काढली. पूर्ण भावाने वस्तू घेणं म्हणजे माझ्या लेखी हरणं. तुझ्या आईला याची गंमत वाटायची, कधीकधी रागही यायचा. पहिल्यांदा मी पॉइंट हॉटेलकडे वळवून सेंट लुईसला दोन रात्रींची खोली मिळवली, तेव्हा ती खोलीभर फिरली, खिडकीतून नदी बघितली, न्हाणीघरातल्या साबणाच्या वड्या पर्समध्ये टाकल्या आणि म्हणाली, “वेंडेल, हे सगळं फुकट आहे, तर माझ्याच्याने इथे बसवत का नाही?” मी पहिल्या रात्री तिला ही खोली मी किती कमी पॉइंटांत काढली ते तासभर सांगत होतो. दुसऱ्या रात्री तिने मला अट घातली, जेवताना हा विषय काढायचा नाही. मग मी गप्पच बसलो, कारण मला दुसरं काही सुचेना.

न्यूझीलंडला यायचं तिच्या मनात सहा वर्षं होतं. तुझं घर, तुझी शाळा, तुझ्या वर्गातली ती चार वर्षांची पोरं, सगळं तिला डोळ्यांनी बघायचं होतं. दरवर्षी मी म्हणायचो, आणखी थोडे साठू देत, मग विमानात पुढे आडवं होऊन झोपता येतं त्या जागेवरून नेतो. ती म्हणायची, अरे, मी बसून येईन, माझी पाठ अजून धड आहे. मग तिला पोटाचं मोठं दुखणं निघालं आणि ते राहिलंच.

सप्टेंबरातली गोष्ट म्हणशील तर मी तेवीस तारखेपासूनच संगणकाला चिकटलो होतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा. असो. ते सगळं मी तुला आधी लिहिलंच आहे.

इथे अजून गारठा आहे. तुमच्याकडे उन्हाळा सरला असेल.

डॅड


११ मे

माझ्या पोरी,

तुझं पत्र शनिवारी आलं. काल मातृदिन. चर्चमध्ये आयांना उभं करून फूल देतात ना, तेव्हा मी बाहेर पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. आतापर्यंत सात वेळा वाचलंय.

मी सात महिने समजत होतो की तू मला दोष देतेस. आणि तू लिहितेस:

“ऑगस्टमध्ये आईने दोनदा विचारलं, येतेस का. मी म्हटलं, नाताळला येते. सप्टेंबरात मी तिकीट काढते म्हणाले आणि तू म्हणालास थांब, मी पॉइंटवर आणतो. तेव्हा मला हायसं वाटलं, डॅड. पैसे वाचले म्हणून. तिकडे आई मरत होती आणि मी मनात हप्त्याचा हिशेब करत होते. हे मी कॅलमलाही सांगितलेलं नाही. मी आग्रह धरला असता तर वेळेत पोचले असते. विमानतळावर तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. तू तुझ्याकडून सगळं केलंस. मी केलं नाही.”

आणि पुढे, फेब्रुवारीपासून शाळेत जात नाहीस. दुपारी आया आपापल्या पोरांना न्यायला येतात ते तुला बघवत नाही. झोप नाही, जेवण नाही. कॅलम दाराशी चहा ठेवून जातो.

क्रिस्टा, असं मनाला लावून घेऊ नकोस. यात कोणाचाच दोष नाही. आजार झपाट्याने वाढला, जागा मिळाली नाही, नशिबात नव्हतं. तुला हायसं वाटलं तर त्यात काय पाप झालं? घर चालवणाऱ्या माणसाला पैशांचा विचार करावाच लागतो. आईला तुझा राग नव्हता, तिच्या तोंडून तुझ्याबद्दल वाकडा शब्द कधी निघाला नाही.

डिसेंबरात ये म्हणतेस, मागची खोली रिकामी करून ठेवतो म्हणतोय कॅलम. नक्की येतो. आत्तापासून जागा बघायला लागतो. तुझ्या हातचं जेवीन, तुला शाळेत सोडायला येईन आणि मग तुझं सगळं सुरळीत होईल.

हे लिहिताना मला फार दिवसांनी बरं वाटतंय.

तुझा,
डॅड


१६ मे

क्रिस्टा,

सोमवारचं पत्र तुला आधी मिळालं असेल तर फाडून टाक. दोन्ही एकदम मिळाली तर हे आधी वाच आणि ते वाचूच नकोस.

परवा गुरुवारी मी बैठकीत सांगितलं की डिसेंबरात लेकीकडे चाललोय. हार्लनला फार आनंद झाला. तो सिरपची बाटली खाली ठेवत ड्वेनला म्हणाला, “याला काय शिकवायचं? मागच्या वर्षी पोरीला पासष्ट हजार पॉइंटांत आणली पठ्ठ्याने, बोनस धरून. आपल्यातलं कोणी ते मोडू शकलं नाही.”

ड्वेन हसला. मीही हसलो. आणि मग माझ्या लक्षात आलं की हार्लनला हा आकडा मीच सांगितलाय. कुठे, तर चर्चच्या तळघरात. आईच्या अंत्यविधीनंतर, हॅम सँडविच खाताना. तू पलीकडच्या टेबलाशी बसून चर्चमधल्या बायकांचे हात हातात घेत होतीस आणि मी हार्लनला सांगत होतो की तीस टक्के जादा मिळाल्यामुळे तू पासष्ट हजारांत आलीस.

मी पैसे ठेवून उठलो. रोख ठेवले. आता हे लिहितोय, एका दमात लिहिलं नाही तर लिहिणार नाही.

जागा होती.

बावीस सप्टेंबरला यसेनियाने, घरी यायची ती नर्स, मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. म्हणाली, “मिस्टर डीन, ज्यांना बोलवायचंय त्यांना आज बोलवा. दोन आठवडे धरा, त्याहून जास्त धरू नका.” तुला फोनवर मी सांगितलं, नर्स म्हणते अजून महिना-दीड महिना सहज आहे. तू तिकीट काढते म्हणालीस ते त्याच फोनवर.

तेवीसला सकाळी मी बघायला बसलो. सव्वीस तारखेचं ऑकलंड ते शिकागो, थेट. पॉइंटवर दोन जागा मोकळ्या होत्या. पंच्याऐंशी हजार लागत होते. माझ्याकडे एक लाख दहा हजार होते. पाच मिनिटांचं काम होतं. बटणावर बोट होतं माझं.

तेवढ्यात आठवलं, एक ऑक्टोबर जवळ आलाय. हार्लनला फोन केला. तो म्हणाला, एक तारखेला बँक तीस टक्के जादा देणार, दरवर्षी देते, आठ दिवस थांब. त्याला आईचं इतकं झालंय हे मी सांगितलं नव्हतं, त्याचा यात काही दोष नाही. मी आकडा मांडला. पासष्ट हजारांत भागत होतं, वीस हजार वाचत होते. हातचं सोडून पळत्यामागे लागू नये हे मला कोणी शिकवायला नको होतं. तरी मी लागलो. मनाशी म्हटलं, नर्सा घाबरवतातच.

ते आठ दिवस मी रोज जागा बघत होतो. सत्तावीसची होती. एकोणतीसची होती. एक तारखेचीही होती. रोज सकाळी तुझी आई विचारायची, कधी येतेय ती? मी म्हणायचो, जागा बघतोय. हे तसं खोटंही नव्हतं.

एक तारखेला बोनस खरंच आला. मला आनंद झाला, क्रिस्टा. मी टेबलावर थाप मारली. आतल्या खोलीतून आईने विचारलं, काय झालं, आणि मी म्हटलं, क्रिस्टाचं जमलं. पॉइंट पाठवले. एरवी ते मिनिटभरात पोचतात. पण बँकेच्या कार्डावर माझं नाव डब्ल्यू. थॉमस डीन आणि विमान कंपनीकडे वेंडेल डीन, म्हणून ते तपासणीत अडकले. तीन दिवस. मी फोन करत राहिलो, प्रत्येक वेळी नवा माणूस नम्रपणे सांगायचा, चौकशी सुरू आहे. चार तारखेला पोचले. तोवर सात तारखेपर्यंतच्या सगळ्या जागा गेल्या होत्या. उरली ती आठची.

आणि हे शेवटचं. पॉइंट अडकलेले असतानाही पैशांचं तिकीट होतंच. दोन तारखेचं होतं, एकवीसशे डॉलर. बचत खात्यात एकतीस हजार होते. मला सुचलं नाही असं लिहिणार होतो, पण सुचलं होतं. ते पान मी उघडलं, किंमत बघितली, मनात म्हटलं, एवढे कशाला, आणि बंद केलं.

आजारपणात आई एकदा मला चिडवत म्हणाली होती, “मी मेले की त्याचेही पॉइंट मिळतात का बघ रे.” अंत्यविधीचं बिल मी कार्डावर भरलं. तिथल्या माणसाने विचारलं, चेक की कार्ड, आणि माझा हात आपोआप खिशात गेला. मिळाले पॉइंट. नऊ हजार चारशे.

आता नीट ऐक. तू आग्रह धरायला हवा होता असं तू लिहितेस. तू धरला होतास. कार्ड हातात घेऊन बसली होतीस, मी तुला अडवलं. तुला हायसं वाटलं ते महिना-दीड महिना हातात आहे असं समजून वाटलं, आणि ते मीच तुला सांगितलं होतं. खरं सांगितलं असतं तर तू हप्ता आणि घर सगळं सोडून त्याच संध्याकाळी निघाली असतीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच बहुधा सांगितलं नाही.

तू सव्वीसला आली असतीस तर तुला आईबरोबर अकरा दिवस मिळाले असते. पहिले सहा-सात दिवस ती बोलत होती, उशीला टेकून बसत होती, सूप पीत होती, यसेनियाला तुझे लहानपणीचे किस्से सांगत होती. ते अकरा दिवस मी वीस हजार पॉइंटांना विकले.

मी सोमवारी तुला हे का लिहिलं नाही ते तुला कळलंच असेल. तू मला बोलावलंस. सात महिन्यांनी तू मला डॅड म्हणालीस. मला वाटलं, तिचं दुःख हळूहळू जाईल, आणि तोवर मी तिच्या घरी चहा पीत बसेन. पण तू माझं ओझं डोक्यावर घेऊन घरात बसली आहेस, आणि मी ते बघून वर तुला धीर देतोय, यात काय दोष, नशीब वगैरे. असला बाप नको कोणाला.

डिसेंबरला मी येणार नाही. तू शाळेत जा. माझ्यावर राग काढ, हवा तितका काढ, पण स्वतःवर काढू नकोस.

वेंडेल डीन


२७ जून

क्रिस्टा,

तुझं पत्र काल आलं. कॅलमने वेगळ्या चिठ्ठीत लिहिलंय की तू आठवडाभर कोणाशी बोलली नाहीस, एक दिवस खूप ओरडलीस, एक बशी फोडलीस, आणि आता आठवड्यातून तीन दिवस शाळेत जातेस. त्याने हे तुला न सांगता लिहिलं असेल तर त्याला बोलू नकोस.

तुझ्या पत्रात एकच ओळ आहे. “शेवटच्या दिवशी आईने काय विचारलं? खरं सांग.” खाली नाव नाही. वर डॅडही नाही. त्याची तक्रार नाही.

सांगतो.

सहा तारखेच्या दुपारपासून ती डोळे उघडत नव्हती. यसेनियाने रात्र तिथेच काढली. सात तारखेला सकाळी तिने आईचं तोंड पुसलं, ओठांना मलम लावलं आणि मला म्हणाली, बोलत राहा, त्यांना ऐकू येतं. मला काही सुचेना. शेवटी मी तिला अंगणातल्या मेपलबद्दल सांगत बसलो, कुठली फांदी लाल झाली, कुठली अजून हिरवी आहे. सेंट लुईसच्या हॉटेलात दुसऱ्या रात्री झालं होतं तसंच. बायकोशी बोलायला माझ्याकडे किती थोडं होतं.

अकराच्या सुमाराला तिने डोळे उघडले. चांगले उघडले, माझ्याकडे बघितलं. आवाज अगदी बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते. म्हणाली, “निघाली का?”

मी म्हटलं, निघाली.

“विमानात आहे?”

मी म्हटलं, हो, विमानात आहे.

तेव्हा तुमच्याकडे आठ तारखेच्या पहाटेचे पाच वाजले होते. तुझं विमान त्या संध्याकाळचं. तू तुझ्या घरी, तुझ्या बिछान्यात झोपलेली होतीस. हे मला पक्कं माहीत होतं, कारण त्याआधी मी घड्याळ बघून मोजलं होतं की तुला उठवायला फोन करावा की नाही. यसेनिया खिडकीपाशी उभी होती. तिलाही माहीत होतं.

मग आईने विचारलं, “खिडकीची जागा मिळाली ना तिला? मधे बसलं की मळमळतं तिला.”

मी म्हटलं, खिडकीचीच आहे.

तिचा चेहरा सैल झाला. किती दिवसांनी कपाळावरची आठी गेली. तुला मी जे खोटं सांगितलं ते परत घेतलं आहे, पण हे खोटं मला परत घेता येत नाही, आणि ते बरोबर होतं की नाही हेही मला कळत नाही. ती माझा हात धरून होती. तिचा अंगठा माझ्या बोटांवरून फिरत होता, पोराला निजवताना फिरवतात तसा.

त्यानंतर ती एकदाच बोलली. दोन वाजून दहा मिनिटांनी ती गेली तोवर पुन्हा काही बोलली नाही. तू खरं सांग म्हणालीस म्हणून लिहितोय.

ती म्हणाली, “मग मी जरा पडते. ती आली की मला उठव.”

डॅड